निम्मं गाव ऊसतोडीला जातं, तर गावाचं आरोग्य नियोजन कुठून सुरू करायचं?

बालाघाटची_लेक:

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झाले आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचं काम माझ्याकडे आलंय. गाव साधारण २,४०० लोकवस्तीचं. त्यात एक तांडा आणि रानातल्या दोन वस्त्या. आशाताई दोन, अंगणवाड्या तीन, उपकेंद्र सहा किलोमीटरवर शेजारच्या गावात. दसरा झाला की निम्मं गाव कारखान्याला जातं. बरेच सातारा, सांगली, कोल्हापूरकडे, काही टोळ्या कर्नाटकात.

परवा समितीची बैठक झाली. एकानं धूरफवारणीचं मशीन मागितलं, दुसऱ्यानं रुग्णवाहिका, तिसऱ्यानं गावातच उपकेंद्र. सरपंचांना सर्वरोग निदान शिबिर घ्यायचंय. सगळ्यांचं मन चांगलं आहे, पण यातलं आधी काय आणि ते कशावरून ठरवायचं, हे कुणालाच सांगता येईना.

गेल्या हंगामात आमच्या गावची एक पोरगी फडावर, कोपीतच म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीतच बाळंत झाली. चौथ्या दिवशी बाळ गेलं. त्या बाळाची नोंद आमच्या गावात नाही आणि तिकडंही नाही. असं पुन्हा होऊ नये म्हणून मला हे काम नीट करायचंय. मी बारावी झालेली आहे, आरोग्याचं शिक्षण नाही. नियोजन म्हणजे नेमकं काय करायचं, कुणी सविस्तर सांगेल का?

निवृत्त_सिस्टर:

ताई, मी नोकरीभर आधी एएनएम म्हणजे उपकेंद्रातली नर्स आणि नंतर आरोग्य सहाय्यिका म्हणून मराठवाड्यातच काम केलं. तुमच्यासारखीच गावं होती, म्हणून जरा लांबण लावते.

बैठकीत ज्या चार गोष्टी निघाल्या त्या सगळ्या वस्तू आहेत, सोयी आहेत. नियोजन माणसांपासून सुरू होतं. आपल्या गावात कोण आहे, कोणाला काय होतंय, आणि ते माणूस वर्षातल्या कोणत्या महिन्यांत गावात असतं, हे आधी कागदावर आणा. तुमच्यासारख्या गावात हा तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि नेमका तोच कुठल्या छापील नमुन्यात विचारलेला नसतो.

नव्यानं सर्व्हे करायला धावू नका. माहिती गावातच आहे. आशाताईंची डायरी, अंगणवाडीची कुटुंब नोंदवही आणि सिस्टरकडचं माता-बाल नोंदीचं रजिस्टर, हे तिन्ही घेऊन एक दुपार सगळ्या मिळून बसा आणि घरागणिक वाचत जा. तिन्ही जुळणार नाहीत, हे मी आत्ताच सांगते. जिथं जुळत नाहीत तिथंच पेन टेकवा. एका वहीत आहे आणि दुसरीत नाही असं घर बहुतेक वेळा तांड्यावरचं, रानातल्या वस्तीवरचं, नाहीतर नुकतंच परतलेलं असतं. माहेरपणाला आलेली लेक, नवी सून, दोन्ही गावांत नाव नसलेलं लेकरू, सगळे तिथंच सापडतात. ज्यांच्यासाठी नियोजन करायचं, ते हेच.

आता थोडा हिशोब. घाबरू नका, सोपा आहे. महाराष्ट्राचा जन्मदर सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या अहवालात हजारी १५ होता. तुमचं गाव २,४००, म्हणजे वर्षाला साधारण ३६ जन्म. काही गर्भपात होतात म्हणून त्यावर दहा टक्के वाढवायचे, म्हणजे वर्षाला ४० च्या आसपास गरोदर बाया. कुठल्याही एका दिवशी रजिस्टर उघडलं तर त्यांतल्या निम्म्या, वीसेक नावं दिसायला हवीत. बाराच दिसली तर बाकीच्या कुठं आहेत ते शोधायला निघायचं. तीस वर्षांवरची माणसं साधारण ३७ टक्के धरतात, म्हणजे तुमच्याकडं नऊशेच्या जवळपास. एवढ्यांचा बीपी आणि साखर तपासायला हवी. शंभरच तपासली असतील तर उरलेली आठशे कोण, हा झाला तुमच्या नियोजनातला प्रश्न.

एक सावधगिरी मात्र ठेवा. हा हिशोब लपलेली माणसं शोधायला चांगला, गावाला मार्क द्यायला नाही. एका वर्षी ३० जन्म होतील, पुढच्या वर्षी ४२, त्यात काही बिघडलेलं नसतं. बालमृत्यूचा दर तर एका गावाचा काढूच नये. त्याच अहवालात राज्याचा दर हजारी १६ होता, त्या हिशोबानं तुमच्याकडं दोन वर्षांत एखादं बाळ जाईल. त्या एका बाळावरून टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. ते कसं गेलं, कुठं गेलं, कळ लागल्यापासून कुणी काय केलं, गाडी कधी बोलावली, हे त्या माउलीजवळ बसून शांतपणे ऐकायचं. तुम्ही लिहिलेल्या पोरीकडंही जा. दोष शोधायला जाऊ नका, ऐकायला जा. तुमच्या आराखड्याचा पहिला परिच्छेद तिथं मिळेल.

मग वर्षाचं वेळापत्रक मांडा. सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण तुमच्या गावाचं आरोग्याचं वर्ष मृगाला सुरू होतं, जेव्हा टोळ्या परतलेल्या असतात आणि गाव भरलेलं असतं. जून ते सप्टेंबर एवढेच महिने तुमच्या हातात आहेत. श्रावणात जी बाई चौथ्या-पाचव्या महिन्यात आहे ती डिसेंबर-जानेवारीत फडावर बाळंत होणार, हे आपल्याला ऑगस्टमध्येच ठाऊक असतं. तरी आपण नोव्हेंबरात तिच्या घराला कुलूप पाहून रजिस्टरात ‘स्थलांतरित’ लिहितो आणि ओळ मिटते. हे लिहिताना मला आजही त्रास होतो. ती ओळ मिटू द्यायची नाही, एवढ्यासाठीच हे सगळं नियोजन.

म्हणून ऑगस्टअखेर प्रत्येक गरोदर बाईची बारा आठवड्यांच्या आत नोंदणी, रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपी, लघवी तपासणी पुरी व्हायला हवी. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर गोळ्या नेमानं चालू, ७ च्या खाली असेल तर तिला जाऊ न देता दवाखान्यात भरती करून उपचार. लोहाच्या १८० आणि कॅल्शियमच्या ३६० गोळ्या ठरलेल्या असतात. जाताना उरलेल्या सगळ्या गोळ्या तिच्या पिशवीत गेल्या पाहिजेत, महिन्याचं एक पाकीट देऊन भागत नाही.

तिला गावातच ठेवता येईल का, हा प्रश्न प्रत्येक घरी विचारा, पण तो सांभाळून विचारा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर घेतलेली असते. ती मागं राहिली तर उचल फिटत नाही आणि सासूसुद्धा बऱ्याचदा फडावरच असते, मग मागं राहिलेलीला भाकर कोण देणार? ‘बाळंतपणासाठी थांबा’ असं सांगणं सोपं आहे. थांबली तर तिच्या खाण्याचं, सोबतीचं काय, याची सोय आराखड्यात नसेल तर तो सल्ला पोकळ आहे. पाच-सहा बाया जरी थांबणार असतील तरी अंगणवाडीचा आहार, रेशन आणि रात्रीची सोबत यांची व्यवस्था समिती करू शकते.

दुसरं एक दुखणं तुमच्या बैठकीत निघालं नाही आणि निघणारही नाही, कारण ते पुरुषांसमोर बोललं जात नाही. अंगावरून जाणं, पाळीचा त्रास, कंबर धरणं, आणि त्याच्यापायी गर्भपिशवी काढणं. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यात तपासणी झाली तेव्हा ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यातल्या कितीतरी विशी-तिशीतल्या होत्या. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत सुट्टी घेतली तर खाडा पडतो म्हणजे पैसे कापले जातात, साधा जंतुसंसर्ग अंगावर काढला जातो आणि मग कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं. ज्याला आठवडा-दोन आठवड्यांच्या गोळ्या पुरतात, त्यासाठी पिशवी जाते. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रामीण रुग्णालयात बाई डॉक्टर कोणत्या वारी असतात ते विचारा, तो वार ठरवा आणि दर आठवड्याला आठ-दहा जणींना आशाताईंसोबत पाठवा. ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या, सरकारी डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करायची नाही, हे प्रत्येक बाईपर्यंत पोचवा. यासाठी ग्रामसभेआधीची महिला सभा वापरा. कायद्यात आहे ती, पण बऱ्याच ठिकाणी नुसत्या सह्या होतात. तुम्ही ती अंगणवाडीत, दार लावून, खरंच घ्या.

आता तुमच्या चार मागण्या. कुठलीही मागणी आली की मी चार गोष्टी विचारायची: हा त्रास किती जणांना आहे, त्यानं जीव जातो का किंवा माणूस कायमचं अडतं का, आपल्या हातात त्यावर काही उपाय आहे का, आणि गावाला तो स्वतःला महत्त्वाचा वाटतो का. चौथं विसरू नका. तुमच्या शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये आले तेव्हा दुष्काळ होता, लोकांनी आधी पाणी आणि अन्न मागितलं. त्यांनी ते काम अंगावर घेतलं, आणि पुढं गावातल्याच, अक्षरओळख नसलेल्या बायांना शिकवून गावोगाव आरोग्य कार्यकर्त्या उभ्या केल्या. जमलं तर एक दिवस जाऊन बघून या, तुम्हाला फार लांब नाही.

धूरफवारणी या चार प्रश्नांत टिकत नाही. धुरानं उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्या तशाच राहतात. टंचाईच्या गावात लोक टाक्या-पिंपं भरून ठेवणारच, डेंग्यूचा डास तिथंच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. मोठ्या टाकीत गप्पी मासे. याला खर्च जवळपास नाहीच, फक्त कुणीतरी दर आठवड्याला घरं बघायला हवीत. उपकेंद्राचा निकष ५,००० लोकसंख्येचा आहे, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,०००. तुमच्या गावाला स्वतंत्र मिळणं अवघड. त्यापेक्षा सहा किलोमीटरवरच्या सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकारी ठरल्या वारी तांड्यावर येतील का, ते पाहा. सर्वरोग शिबिराला मी विरोध करणार नाही, पण एका दिवसात चारशे माणसं बघून पुढं कुणी औषध चालू ठेवलं नाही तर बीपीवाल्याला काय मिळालं? शिबिर घ्यायचंच तर जूनमध्ये घ्या, आणि तिथं सापडलेल्यांची यादी आशाताईंच्या हातात द्या.

घाटाखालचा_डॉक्टर:

सिस्टरांनी लिहिलेलं वाचलं. मी दुसऱ्या बाजूनं सांगतो. मी पश्चिम महाराष्ट्रात, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. तुमच्याकडची माणसं हंगामात आमच्याकडे येतात.

आम्हाला सगळ्यांत मोठी अडचण ही की कोण आलंय तेच कळत नाही. टोळी आज या शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावात. कोप्यांवर लसीकरणाचं सत्र लावलं तर बाया पहाटेच फडात गेलेल्या असतात. संध्याकाळी जावं तर स्वयंपाक आणि पाणी भरणं. आणि कार्ड विचारलं की दहापैकी बहुतेकजणी सांगतात, कार्ड गावाकडं पेटीत आहे. मग रक्तगट माहीत नाही, आधी कुठली लस झाली माहीत नाही.

तुमच्या समितीनं जाताना तीन गोष्टी केल्या तर आमचं काम खूप सोपं होईल. माता-बाल कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाईच्या हाती द्या आणि त्याचा फोटो नवरा-बायको दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. प्रत्येक गरोदर बाई आणि दोन वर्षांखालचं लेकरू यांच्यापुढं कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा नंबर लिहा. आणि ती यादी तुमच्या आरोग्य केंद्रामार्फत त्या कारखान्याच्या भागातल्या आरोग्य केंद्राला टोळी निघायच्या आधी पोचवा. यादी हातात असली की आम्ही कारखान्याच्या शेतकी खात्याकडून टोळी कुठल्या गावात उतरलीय ते काढू शकतो.

लोकांना हेही सांगा की लसीचा डोस चुकला तर सुरुवातीपासून पुन्हा घ्यावा लागत नाही, राहिला तिथून पुढं चालू करता येतं. उशीर झाला म्हणून डॉक्टर ओरडतील या भीतीनं कितीतरी आया येतच नाहीत. आणि १०८ ची गाडी राज्यात कुठूनही मोफत मिळते, कर्नाटकातही १०८ लाच फोन करायचा. पण फोनवर पत्ता सांगता आला पाहिजे, परक्या मुलखात ‘फडावर’ म्हणून गाडी येत नाही. उतरल्याच्या दिवशीच जवळच्या गावाचं नाव आणि तिथल्या आशाताईंचा नंबर मुकादमानं टोळीतल्या सगळ्यांना द्यावा, असं बसवता आलं तर फार बरं.

बाळाच्या बाबतीत एक भर: जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंनी घरी जाऊन बाळ बघायचं असतं. घरी जाऊन नवजात बाळ वाचवता येतं हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवलं, त्यावरचा लेख १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पुढं देशभर हे काम आशांकडं आलं. कोपीतल्या बाळाकडं मात्र कुठलीच आशा जात नाही, कारण ते कुणाच्याच यादीत नसतं. चौथ्या दिवशी गेलेलं ते बाळ तिसऱ्या दिवशी कुणी बघितलं असतं तर, हा विचार मनातून जात नाही.

दप्तरवाला (ग्रामपंचायत अधिकारी):

पैशाचं आणि तारखांचं मी सांगतो.

समितीला दर महसुली गावामागं वर्षाला १०,००० रुपये अबंधित निधी, म्हणजे कशावर खर्चायचा ते समितीनं ठरवायचा निधी, ठरलेला आहे. आमच्याकडं खातं अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका यांच्या संयुक्त सहीनं चालतं. रक्कम छोटी आहे, म्हणून ज्याला दुसरीकडून पैसे मिळतात त्यावर ती घालवू नका. सतरंज्या आणि कपाटं घेऊन हा निधी संपलेला मी पाहिला आहे. अडलेल्या बाईची गाडी, वजनकाट्याची दुरुस्ती, यादीच्या झेरॉक्स, तांड्यावर सत्राच्या दिवशीचा मंडप, असल्या कामाला तो ठेवा.

मोठं काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घाला. त्यात ‘आरोग्यदायी गाव’ हा विषयच आहे. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवलेली होती. तांड्यावरचं पाणी, गटार, शौचालय ही कामं आरोग्याचीच आहेत, ती त्या बाजूला मांडा, म्हणजे बाकीचा निधी दुसऱ्या गोष्टींना उरतो.

आता तारखा. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून चालते, म्हणजे नेमकी टोळ्या निघायच्या सुमाराला, आणि २६ जानेवारीला तर ज्यांच्यासाठी बोलायचं तेच गावात नसतात. त्यामुळं ताई, आरोग्याच्या मागण्यांची खरी चर्चा १५ ऑगस्टच्या सभेत घ्या, ठराव लिहून ठेवा आणि तोच ठराव आराखड्याला जोडा. ठरावात ‘आरोग्य सुविधा पुरविणे’ असं मोघम लिहू नका. काम, जागा, महिना आणि जबाबदार माणूस, चारही लिहा.

बालाघाटची_लेक:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. हे मी आमच्या दोन्ही आशाताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, वह्या जुळवायला कधीही बसू.

दोन शंका आहेत. एक, मुकादम त्याचा नंबर देईल का? त्याला वाटेल पंचायत चौकशी करतेय. दुसरी, गरोदर बायांची यादी मी सदस्य म्हणून मागितली तर घरच्यांना चालेल का? आमच्याकडं तिसरा-चौथा महिना लागेपर्यंत सासू शेजारीही सांगत नाही.

निवृत्त_सिस्टर:

दुसरी शंका आधी घेते, ती फार मोलाची आहे.

नावांची यादी तुम्ही मागूच नका. ती सिस्टर आणि आशाताईंकडंच राहू द्या. समितीत आणि ग्रामसभेत फक्त आकडे: किती नोंदल्या, किती जाणार, किती थांबणार, किती जणींचं रक्त कमी. नाव, महिना, कुणाला काय झालंय हे सभेत कधीही वाचायचं नाही. एकदा एका बाईचं नाव चारचौघांत फुटलं की पुढच्या वर्षी दहाजणी लपवतील, आणि लपवलेलीच आपल्याला सगळ्यांत उशिरा सापडते. यादी दुसऱ्या आरोग्य केंद्राला पाठवतानाही त्या बाईला विचारून पाठवा. तिकडं सिस्टर भेटायला येईल, चालेल ना, एवढं विचारलं की पुरतं. बहुतेकजणी हो म्हणतात, कारण परक्या गावात आपलं नाव घेऊन कुणीतरी विचारायला येणार, याचा त्यांना आधारच वाटतो.

मुकादमाचं म्हणाल तर तोही तुमच्याच गावचा किंवा शेजारचा. चौकशी म्हणून बोलावू नका, पोळा झाल्यावर सगळ्या मुकादमांना एकत्र चहाला बोलावा. टोळीतली बाई अडली की रात्री गाडी शोधत तोच पळतो, तिकडच्या डॉक्टरचा आणि आशाताईंचा नंबर त्यालाही हवाच असतो. आधी तुम्ही नंबर द्या, मग मागा. एकजण नाही म्हणाला तर त्याला सोडून बाकीच्यांपासून सुरू करा, आणि त्या टोळीतल्या बायांकडं आशाताईंचा नंबर पाठ असेल एवढं बघा.

आणि पहिल्या वर्षी सगळं करायला जाऊ नका. गरोदर बाया आणि दोन वर्षांखालची लेकरं, ही दोन कामं धरा. प्रत्येकीच्या बाळंतपणाच्या तारखेला आशाताईंनी तिकडं फोन करायचा, बाळ-बाळंतीण कशी आहे ते विचारायचं आणि कुठंही बाळंत झाली असली तरी नोंद आपल्या वहीत घ्यायची. पाडव्यानंतर टोळ्या परत आल्या की ऑगस्टची यादी काढून एकेका नावापुढं काय झालं ते भरायचं. बीपी-साखर, वयात आलेल्या पोरी, ज्यांना मागं ठेवायची भीती म्हणून लवकर लग्नं लावतात, हे सगळं दुसऱ्या वर्षी घ्या.

आता सिस्टरांना एवढंच विचारा की हिमोग्लोबिन तपासायच्या पट्ट्या किती शिल्लक आहेत. ऑगस्टमध्ये त्या संपतात, कारण मागणी कुणी जूनमध्ये नोंदवलेली नसते. पन्नास पट्ट्या जादा लागतील असं पत्र समितीच्या नावानं आरोग्य केंद्राला याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या.